पानाच्या तळाशी छापलेला सूर्यास्त

डिसेंबर लागला की तळोद्याच्या बाजारात डायऱ्या फुकट वाटल्या जातात. बियाणंवाला देतो, खतवाला देतो, विमावाला तर घरी आणून देतो. आमचं कापडाचं दुकान, त्यामुळे सुरतेच्या व्यापाऱ्यांकडूनही चार-पाच येतातच. जाड रेक्झिनचं कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरं आणि आत सुरुवातीची पंधरा-वीस पानं नुसत्या जाहिराती. नवरा तो सगळा ढीग माझ्यापुढे ठेवतो आणि म्हणतो, "घे, निवड." मी एकेक उघडते, चाळते आणि बाजूला टाकते. त्याचं म्हणणं, लेकीसाठी स्थळं बघताना मी एवढ्या खोडी काढल्या नव्हत्या.

काढते मी खोडी. या डायऱ्यांमध्ये शनिवार-रविवार एकाच पानात कोंबलेले असतात. म्हणजे रविवारी माणसाला काही करायचंच नसतं! ज्याने ही पद्धत काढली, त्याच्या घरी रविवारचा स्वयंपाक कोण करतं ते मला एकदा बघायचं आहे. काहींत पानाच्या कडेला तास छापलेले असतात, पण ते सकाळी नऊला सुरू होतात आणि संध्याकाळी सहाला संपतात. कागद पातळ असला की शाई मागच्या दिवसावर उमटते आणि काल घेतलेली गोळी आज घेतल्यासारखी दिसते. शिवाय उघडी ठेवली तर डायरी उघडी राहायला हवी. वाटी ठेवून दाबावी लागते ती माझ्या कामाची नाही, कारण माझा एक हात बाबूजींच्या पाठीमागे असतो आणि दुसऱ्यात पाण्याचं भांडं असतं.

बाबूजी म्हणजे माझे सासरे. आमची मंडळी चार पिढ्यांपूर्वी मारवाडातून इकडे आली. जैन घर. घरात मारवाडी चालते, गिऱ्हाइकाशी अहिराणी, डोंगरातून बाजाराला उतरणाऱ्या लोकांशी त्यांच्या बोलीतले मोजके शब्द, आणि लिहायला मराठी. म्हणून घरातलं बोलणंही मी इथे मराठीतच लिहिते आहे.

लग्न होऊन आले त्यानंतर कित्येक वर्षं मी आणि बाबूजी एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो. भांडण नव्हतं, आमच्यात ती रीत होती. सुनेने, म्हणजे बिनणीने, सासऱ्यासमोर डोक्यावरून पदर ओढायचा आणि गप्प राहायचं. ते घरात शिरताना जिन्यातच खाकरायचे, म्हणजे मला आत जायला वेळ मिळायचा. मी समोर उभी असले तरी ते सासूबाईंना म्हणायचे, "बिनणीला सांग, ताक आंबट झालंय." सासूबाई माझ्याकडे वळून म्हणायच्या, "ताक आंबट झालंय म्हणतात." मी त्यांना म्हणायचे, "उद्या गोड लावते म्हणावं." मग त्या तिकडे वळायच्या. आम्हा दोघांमध्ये त्या बिचाऱ्या दिवसभर डाव्या-उजव्या बाजूला मान फिरवत असायच्या. त्या गेल्या आणि आमच्यात बोलायला माणूसच उरलं नाही. मग थोडं थोडं आम्हीच बोलू लागलो.

दुकानात बाबूजी कापड फाडायचे ते बघण्यासारखं असे. कडेला कात्रीचा एक चावा आणि मग दोन हातांनी सर्रकन एका दमात, धाग्याला धागा धरून. एका बाजाराच्या दिवशी कात्री कापडातच थांबली. हात थरथरत होता आणि कात्री पुढेही जाईना, मागेही येईना. गिऱ्हाईक हसलं. नवऱ्याने येऊन कात्री सोडवली. नंतर दुकानाच्या उंबऱ्यापाशी त्यांचे पाय थबकू लागले. पाऊल उचलायचं आहे हे त्यांना कळत असे, पण पाय ऐकत नसत. आम्ही म्हातारपण म्हणत राहिलो. शेवटी सुरतेला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी कंपवात सांगितला.

या आजारात सगळा खेळ वेळेचा. गोळी वेळेवर गेली तर माणूस उठतो, चालतो, स्वतःच्या हाताने जेवतो. तिचा असर उतरला की जिथे आहे तिथे लाकूड. सुरुवातीला दिवसाला तीन गोळ्या होत्या, त्या सहज बसायच्या. दोन वर्षांत पाच झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, तीन-तीन तासांनी, जेवणापासून दूर ठेवून द्या, आणि पाचवीच्या पुढे रात्री झोपताना अर्धी. कोणत्या वेळेला चालता येतं, कधी अडतं, ते रोज लिहून ठेवा.

बाबूजी म्हणाले, "रात्रीची नाही."

त्यांचा चौविहार आहे. सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही. सकाळीही सूर्य उगवून पाऊण तास गेल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, ती नवकारशी. तरुणपणी घेतलेलं व्रत, कधी मोडलं नाही. सासूबाई गेल्या त्या रात्रीही सगळ्यांनी आग्रह केला तरी त्यांनी पाणी घेतलं नव्हतं. डॉक्टर गुजराती होते, त्यांना हे नवीन नव्हतं. ते म्हणाले, "दादा, हे जेवण नाही, औषध आहे." बाबूजींनी हात जोडले. जोडलेले हातही थरथरत होते. डॉक्टर माझ्याकडे वळले. "मग सगळं दिवसात बसवा, बेन. जमेल तसं."

ते सोपवलं माझ्यावर, कारण घरात डायऱ्यांची हौस मला. तोवर माझ्या डायरीत दूध, गॅस, भिशी आणि माहेरच्यांचे वाढदिवस असायचे. आता प्रत्येक पान बाबूजींचं झालं.

उन्हाळा होता आणि मला वाटलं, यात काय अवघड आहे! सकाळी साडेसहाच्या सुमारास पहिली गोळी, मग तीन-तीन तासांनी बाकीच्या, संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत पाचवी. खानदेशातला उन्हाळ्याचा दिवस भरपूर मोठा, बारा तास त्यात आरामात मावले. निळ्या शाईने गोळी, हिरव्याने जेवण, लालने अडलेली वेळ. वरणातल्या प्रथिनांनी गोळीचा असर कमी होतो असं कळल्यावर मी वरण दुपारच्या गोळीपासून लांब सरकवलं. बाबूजी सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येऊ लागले. एक दिवस दुकानात जाऊन गादीवर बसून आले. आम्ही सुरतेला गेलो तेव्हा डॉक्टरांनी माझी डायरी उलगडून पाहिली आणि हाताखालच्या डॉक्टर मुलीला दाखवली. मी गाडीत नवऱ्याला ते तीनदा सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं आजार माझ्या पानांत नीट बसला.

त्या वर्षीची डायरी माझ्या नणंदेने मुंबईहून पाठवलेली. समाजाच्या लोकांसाठीच छापलेली. रविवारला पूर्ण पान, कागद जाड, बांधणी सैल, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तिथी, सूर्योदय, नवकारशीची वेळ आणि सूर्यास्त. अशी डायरी मी जन्मात पाहिली नव्हती. बाकीचा ढीग मी त्याच दिवशी शेजारपाजारी वाटून टाकला.

बाबूजींना तोवर कधी छापलेला सूर्यास्त लागला नव्हता. ते गच्चीवर जायचे आणि बघायचे. ढग असले तर तळहात पुढे धरायचे. नुसत्या उजेडात हाताच्या रेषा दिसतात का ते बघायचे, त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. आता जिना चढवत नव्हता, मोतीबिंदू काढूनही नजर धूसर होती, आणि थरथरणाऱ्या हातावरच्या रेषा कोणाला दिसणार? त्यांनी दोन-तीन दिवस खाटेवर बसून प्रयत्न केला. डाव्या हाताने उजवा धरायचे, तर दोन्ही हलायचे. मग त्यांनी ते सोडलं आणि संध्याकाळी मला विचारू लागले, "बिनणी, सूरज आथम्यो कांई?"

म्हणजे, सूर्य मावळला का. मी डायरीत बघून सांगायचे, अजून अर्धा तास आहे, अजून दहा मिनिटं आहेत. त्यांनी माझ्या शब्दावर पाण्याचा शेवटचा घोट घ्यायचा. एके काळी ज्या सुनेशी बोलायचं नाही, तिच्यावर या माणसाने आपला सूर्य सोपवला होता. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

दिवाळीनंतर दिवस आखडू लागला. सकाळी नवकारशी पुढे सरकली, संध्याकाळी सूर्यास्त मागे आला आणि माझे बारा तास दहावर आले. गोळ्या तेवढ्याच. मी त्या जवळ-जवळ आणल्या, तर दोन गोळ्यांचा असर एकावर एक येऊन त्यांचे हातपाय आपोआप वळवळायला लागले. पुन्हा लांब केल्या, तर पाचवी सूर्यास्ताच्या कडेला जाऊन टेकली. डायरीत सूर्यास्त छापलेला असेल त्याच्या दहा मिनिटं आधी मी शेवटची गोळी द्यायचे. तिच्या जिवावर ते रात्रीचे निदान तीन तास सैल राहायचे. एखाद्या मिनिटाचीही उधळपट्टी मला परवडत नव्हती.

आमच्या शेजारणीच्या गच्चीवर निंबाची सावली पडते, म्हणून ती वर्षाच्या मिरच्या आमच्या गच्चीवर वाळत घालते. डिसेंबरातली एक संध्याकाळ. मी गोळी बाबूजींच्या जिभेवर ठेवली आणि पाण्याचा घोट दिला. या आजारात गिळणंही अडतं. घोट तोंडात फिरत राहतो आणि मी "गिळा बाबूजी, गिळा" म्हणत राहते. तेवढ्यात जिन्यातून शेजारीण वर चढली.

"वहिनी, मन्ह्या मिरच्या वरच शेतस का वं? दिन त बुडी गया ना!"

मी डायरीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. डायरीप्रमाणे सूर्य मावळायला अजून वेळ होता. "अजून आहे गं," मी म्हणाले.

"कोठे शे? वर ईसन देख!" ती गच्चीच्या दारातून ओरडली.

बाबूजींनी माझ्याकडे बघितलं. पाणी तोंडातच होतं. त्यांना ते गिळायचं नव्हतं आणि थुंकताही येत नव्हतं, ओठ ऐकत नव्हते. मी वाटी हनुवटीखाली धरली आणि त्यांची मान पुढे वाकवली. पाणी हळूहळू ओघळलं, त्याबरोबर अर्धी विरघळलेली गोळी, थोडी वाटीत, थोडी सदऱ्यावर. ते शेवटपर्यंत माझ्याकडेच बघत होते. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. ते घाबरले होते.

मी धावत गच्चीवर गेले. सूर्य नव्हता. गुजरातच्या बाजूला आभाळाची नुसती कड लाल होती, आणि शेजारीण जुन्या साडीवरच्या मिरच्या गोळा करत होती. "काय व्हयनं?" तिने विचारलं. मी तशीच खाली आले आणि डायरीची पुढची पानं उघडली. ती जाहिरातींची पानं मी कधीच वाचत नाही. तिथे एका ओळीत लिहिलं होतं की सर्व वेळा मुंबईच्या आहेत.

आमचा सूर्य मुंबईच्या आधी मावळतो. हिवाळ्यात तर चांगली दहा मिनिटं आधी. शाळेत शिकलेली गोष्ट. नकाशात तळोदा कुठे, मुंबई कुठे, मला माहीत होतं. डायरीचा कागद बघितला, बांधणी बघितली, रविवार बघितला, पण ती कोणत्या गावची आहे ते बघितलं नाही.

"कधीपासून?" बाबूजींनी विचारलं.

"दिवाळीपासून असेल," मी म्हणाले. उन्हाळ्यात फरक फारसा पडत नव्हता आणि गोळी लवकर होत होती. त्यांची बोटं ओल्या सदऱ्यावरून फिरली. मग म्हणाले, "तुझी चूक नाही." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले आणि मी सदरा बदलायला घेतला.

त्या आठवड्यात पायी विहारात असलेल्या महासतीजी, आमच्या साध्वी, दोन दिवस गावातल्या जैन स्थानकात उतरल्या होत्या. आम्ही बाबूजींना खुर्चीत बसवून तिथे नेलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि सांगितलं की नकळत झालं त्याने व्रत मोडत नाही. पच्चक्खाणाच्या, म्हणजे व्रत घेताना म्हणायच्या पाठातच आजाऱ्यासाठी मोकळीक ठेवलेली आहे, औषध रात्री घेतलं तरी चालेल, मनाला शांती राहणं महत्त्वाचं. बाबूजींच्या समाधानासाठी त्यांनी काही माळा जपायला दिल्या. मला तर तिथेच रडू फुटलं, इतकी मी हलकी झाले. नवऱ्याने वाटेतच हिशेब मांडला की आज रात्रीपासून अर्धी गोळी सुरू करायची.

घरी आल्यावर बाबूजी म्हणाले, "शेवटची गोळी आता अर्धा तास आधी देत जा. पुन्हा गफलत नको."

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर पातेलं आपटलं. राग आला होता आणि तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. ऐंशीच्या घरातल्या, स्वतःच्या सदऱ्याचं बटण न लावता येणाऱ्या माणसावर? महासतीजींनी तर मोकळीक दिली होती. नणंदेने प्रेमाने डायरी पाठवली होती. शेजारीण मिरच्या न्यायला आली होती. उरला सूर्य. त्याच्यावर चिडणारी तळोद्यातली मी पहिलीच बाई असेन.

अर्धा तास आधी म्हणजे रात्र अर्धा तास लांब. असर उतरला की त्यांना कूस बदलता येत नाही. जसं ठेवू तसे पडून राहतात. नवरा मधूनमधून उठून त्यांना वळवतो. ते कधी हाक मारत नाहीत, आणि त्यामुळे उठून बघावंच लागतं. मानेखालची उशी सरकली तर सरकलेलीच. एकदा कान दुमडून त्याखाली अडकला होता आणि सकाळपर्यंत कोणाला कळलं नाही.

नवीन वर्षाची डायरी घ्यायला मी नंदुरबारला गेले. सूर्यास्त छापलेल्या सगळ्या मी तिथल्या तिथे परत केल्या. कोणी नंदुरबारचा सूर्यास्त छापत नाही, आणि का छापावा? दुकानदाराला विचारलं तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला. शेवटी एक साधी घेतली, रोज एक पान, वर तारीख आणि खाली रिकाम्या ओळी. पुण्याहून लेक फोनवर म्हणाली, "आई, त्यासाठी ॲप असतं. तू अजून प्लॅनर काय घेऊन बसलीस?" तिने वडिलांच्या मोबाइलवर ते टाकायला लावलं. त्यात चक्क तळोद्याचा सूर्यास्त होता.

मोबाइल बाबूजींसमोर धरला तर ते म्हणाले, "हे माझ्यासमोर राहत नाही, तुमच्या खिशात जातं. कागदावर लिही."

म्हणून मी जमिनीवर बसून मोबाइलमधला सूर्यास्त पानापानाच्या तळाशी उतरवू लागले. नवरा शेजारी बसला होता. हळू आवाजात म्हणाला, "दहा मिनिटं वाढवून लिही ना. चाललंच होतं की इतके दिवस."

हे त्याच्या आधी माझ्या मनात येऊन गेलं होतं. पेन हातात होतं. पुढे सूर्य सांगणारी मी आणि ऐकणारे ते, मधे कोणी नाही. तरी हाताने जे खरं होतं तेच लिहिलं. नवरा उठून गेला. पण मनाने मी दुसरंच ठरवलं होतं, तेही सांगते. लिहिताना खोटं लिहायचं नाही, पण एखाद्या वाईट दिवशी त्यांनी विचारलं आणि गोळी बाकी असली, तर "आहे अजून" म्हणायचं. पाप लागलं तर मला लागेल. भाकरी थापताना, केस विंचरताना मी ते म्हणून बघायचे. आहे अजून, बाबूजी. आहे अजून थोडा. आवाज सहज आला पाहिजे.

जानेवारीत डॉक्टरांनी जास्त वेळ चालणारी गोळी देऊन पाहिली. दोन रात्री बऱ्या गेल्या आणि तिसऱ्या दिवशी दुपारी बाबूजींनी मला हाक मारली. भिंतीशी असलेल्या रिकाम्या बाकाकडे बघत म्हणाले, "डोंगरातून मोलगीकडचे लोक आलेत. पहाटेच्या जीपने निघालेत बिचारे. पाणी दे त्यांना." मी म्हणाले, कोणी नाही. ते माझ्यावर चिडले. दाराशी आलेल्या माणसाला पाणी विचारत नाही, अशी कशी ही बिनणी! मी लोटा आणि पेले आणून बाकापुढे ठेवले. मग ते शांत झाले, आणि मांडीवरच्या चादरीची कड दोन्ही हातांत धरून मापत राहिले. संध्याकाळी भानावर आले तेव्हा बाकापुढचे भरलेले पेले बघून त्यांना सगळं कळलं. त्यांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी ती गोळी बंद केली. डॉक्टर फोनवर म्हणाले, "बेन, मग रात्रीची अर्धी हाच उपाय आहे. मी आणखी काय सांगू?"

त्या दिवशी नवरा बाबूजींच्या खाटेशी जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. बापाचे पाय धरून म्हणाला, "तुमचे हाल बघवत नाहीत. एक गोळी घ्या. महासतीजींनी सांगितलंय, आता कोणाचं ऐकायचं?"

बाबूजींचा आवाज आता फार बारीक झाला आहे, वाकून ऐकावं लागतं. ते म्हणाले, "चालणं तुमच्या हातात. जेवण तुमच्या हातात. आंघोळही तू घालतोस. हे एवढं एकच मी माझं करतो." नवऱ्याने त्यांचे पाय सोडले. मी जाऊन चहा टाकला.

त्यानंतरची एक संध्याकाळ. नवरा दुकानात होता. दुपारच्या गोळीने कामच केलं नव्हतं आणि बाबूजी चारपासून आखडून पडले होते. शेवटच्या गोळीच्या वेळी मी त्यांना उठवून बसवलं तर खोकल्याची उबळ आली. पाठ चोळली, थांबले, पुन्हा उबळ. अशा खोकल्यात पाणी दिलं तर श्वासात जातं. मी गोळी मुठीत धरून थांबले आणि थांबण्यातच वेळ निघून गेली. खिडकीतला उजेड गेला, रस्त्यावरचे दिवे लागले. मी ट्यूब लावली आणि त्यांना पुन्हा आडवं केलं. आता सकाळपर्यंत काही नाही, हे त्यांनाही कळत होतं.

त्यांनी पडल्या पडल्या प्रतिक्रमण म्हटलं, दिवसभरातल्या चुकांची क्षमा मागायचा पाठ. तोंडातल्या तोंडात, मधे दम लागत होता, पण म्हटलं सगळं. मी पायाशी बसून होते. प्रतिक्रमण झालं, त्यांनी डोळे उघडले आणि सावकाश माझ्याकडे वळवले. मान वळत नाही, नुसते डोळे.

"बिनणी," ते म्हणाले, "सूरज आथम्यो कांई?"

"हो बाबूजी," मी म्हणाले. "आथम्यो."

मिरच्यांच्या त्या संध्याकाळपासून मी इतकी सांभाळून वागत होते, की खरं उत्तर तोंडातून आपोआप निघालं. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाले. मग, "मला भिंतीकडे वळव."

मी एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि त्यांना वळवलं. उशी नीट केली, कान बघितला, चादर ओढली. चादर ओढता ओढता माझ्या लक्षात आलं. सायंकाळचं प्रतिक्रमण सूर्य मावळल्यावरच करतात. जो माणूस आत्ता, माझ्यासमोर, ते करून मोकळा झाला, त्याला सूर्य मावळला का हे मला विचारायची काय गरज होती? ट्यूब डोक्यावर जळत होती. खिडकी काळी होती. त्यांना सहन होत नव्हतं. त्यांना गोळी हवी होती, आणि ती स्वतः मागायची नव्हती. मी "आहे" म्हटलं असतं तर त्यांनी तोंड उघडलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने माझ्याकडे काही मागितलं होतं. ते माझ्याकडे कित्येक दिवसांपासून तयार होतं आणि मी दिलं नाही.

गोळी अजून माझ्या मुठीतच होती, घामाने चिकट झालेली. मी खाटेला वळसा घालून भिंतीच्या बाजूला शिरायला गेले, पण खाट भिंतीला टेकलेली. मग त्यांच्या पाठीशीच वाकले.

"बाबूजी," मी म्हणाले, "मी नीट बघितलं नव्हतं. आहे अजून. थोडा आहे."

ते हलले नाहीत. हलता येत नव्हतंच. मला वाटलं ऐकलं नाही, म्हणून मी पुन्हा म्हणाले, आहे अजून, आणि माझा आवाज जसा यायला हवा होता तसा मुळीच आला नाही.

"राहू दे, बेटा," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "मी ऐकलं."